पाखाडीवरची वर्दळ

जनीने पडवीतली खुर्ची उचलली, गडग्यातल्या बेड्यातून, दगडी कुंपणाच्या त्या फाटकातून, बाहेर काढली आणि रस्त्याच्या कडेला रतांब्याच्या सावलीत नेऊन ठेवली. मग त्या मुलीला हाक मारली.

"ये गो बाय, इथे बस. उन्हात उभी राहून माणसं मोजतेस खरी, पण चक्कर येऊन पडलीस तर तुला कोण मोजणार?"

मुलगी हसली आणि आली. गळ्यात ओळखपत्र, हातात कागद लावलेलं पॅड, पाठीला सॅक. नाव संस्कृती. सकाळपासून ती पाखाडीच्या तोंडाशी उभी होती आणि सकाळपासून तिच्या कागदावर फारसं काही उमटलं नव्हतं.

रत्नागिरीहून येणारा रस्ता जनीच्या दारासमोर वळण घेऊन पुढे पुलाकडे जात असे. तिच्या घराच्या कुशीतून खाली खाडीपर्यंत उतरायची ती पाखाडी, जांभ्या दगडाच्या रुंद पायऱ्यांची जुनी वाट. अर्ध्यावर एक पांगारा होता आणि तिथे पाखाडी वळायची. त्याच्या खालचं वरून काही दिसत नसे. पाखाडीच्या पलीकडच्या अंगाला काशीरामची मोकळी जागा. त्या जागेत आता मोठं मार्ट होणार होतं. एका छपराखाली तांदळापासून टीव्हीपर्यंत सगळं मिळणार, वाडीतल्या पोरींना नोकऱ्या लागणार, असं सगळे म्हणत होते.

"मार्ट करा की," जनी म्हणाली. "पण त्यात आमच्या पाखाडीने काय घोडं मारलं?"

संस्कृतीने पॅडच्या कोपऱ्यात पेन्सिलीने रेघा मारून दाखवल्या. "हा रस्ता, आजी. हे वळण. मालाचे मोठे ट्रक ह्या वळणावर आत घ्यायला लागले तर मागे सगळं तुंबणार, समोरून येणारा दिसणार नाही. म्हणून तिथून ट्रकना परवानगी मिळत नाहीये. मग नकाशात असं दाखवलंय की पाखाडीवर भराव घालायचा आणि ट्रक इकडून, मागच्या अंगाने आत न्यायचे."

"पाखाडी काय त्या काशीरामच्या मालकीची आहे?"

"नाही ना. सार्वजनिक वाट आहे. म्हणूनच तर मोजणी. वापरात असेल तर ठेवावी लागते. रविवारी देवळात सुनावणी आहे, तिथे नगररचनेच्या मॅडम सगळं बघणार."

"आणि वापरात नसली तर?"

 मुलीने जनीने आणलेला तांब्या उचलला आणि वरून धार धरून पाणी प्यायली.

ऊन कलायला लागलं तसा तिचा नवरा रघू आतून आला. सदऱ्याची बटणं गळ्यापर्यंत लावलेली, खांद्यावर पंचा. त्याने संस्कृतीकडे पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं आणि जनीला म्हणाला, "येतो गो."

"सावकाश," जनी म्हणाली.

तो पायऱ्या उतरू लागला. पाय कुठे ठेवायचा हे तो बघत नव्हता. एक पायरी हलायची, तिथे त्याचा पाय आपसूक कडेला पडला. पुढे एका दगडाचा तुकडा उडाला होता, तिथे त्याने ढांग लांबवली. पांगाऱ्यापाशी त्याची पाठ दिसेनाशी झाली.

"आजोबा रोज जातात?"

"रोज. खाली धक्क्यावर जाऊन बसतात आणि दिवेलागणीला परत येतात."

"एकटेच?"

"एकटेच. घरातलं न्हाणीघर सापडत नाही त्यांना. परवा मलाच म्हणाले, आपण कुणाकडच्या म्हणायच्या?" जनी हसली, पण पदराचं टोक तिने बोटाला गुंडाळून घेतलं. "पण ही वाट चुकत नाहीत. डोक्यातलं गेलं, पायातलं गेलं नाही."

सावर्ड्याला दिलेली लेक सानिका फोनवर दर वेळी तेच सांगायची. आई, बेड्याला कुलूप घाल, एक दिवस बाबा कुठेतरी निघून जातील आणि तू रडत बसशील. जनी हो हो म्हणायची. कुलूप आणलेलंही होतं, कोनाड्यात पडून होतं. एकदाच घालून पाहिलं होतं तिने. रघू बेड्याला दोन्ही हातांनी धरून संध्याकाळभर उभा राहिला. ओरडला नाही, नुसतं बेडं खडखडवत राहिला. ते पाहून तिनेच कुलूप काढलं. आता पाखाडीवर ट्रक आले तर ते पुन्हा लावावं लागणार होतं, आणि कायमचं. तिला मार्टचं काही वाटत नव्हतं. तिला बेड्याच्या त्या खडखडाटाची भीती वाटत होती.

रघूची पूर्वी खाली 'तर' होती. खाडी ओलांडायची मोठी होडी, तिला सगळे तर म्हणत. पूल नव्हता तेव्हा पलीकडच्या सात-आठ वाड्यांना शहरात यायचं तर रघूच्या तरीवाचून इलाज नव्हता. पलीकडून कुणी कुकारा घातला की हा ताटावरून उठायचा. पुढच्या वल्ह्याला रघू तांडेल आणि मागच्या वल्ह्याला काशीराम, तेव्हा कोवळा पोरगा, ओठांवर नुकती लव आलेला. जनीला तो वहिनी म्हणायचा आणि दोन वेळा तिच्याच घरी जेवायचा.

मग पूल झाला. पुलाला जनीचा राग नव्हता, पूल सरकारचा. पण पूल झाला त्याच वर्षी काशीरामने वल्हं ठेवलं आणि वडापची जीप घेतली. आणि जीप उभी कुठे केली, तर जनीच्या बेड्यासमोर, पाखाडीच्या तोंडाशी. "चला पुलावरून, चला, ओहोटीची वाट बघायला नको," असं तो ओरडायचा आणि खाली उतरायला निघालेली माणसं पायरीवरून मागे वळून जीपमध्ये बसायची. रघू खाली धक्क्यावर बसून राहायचा. त्याने काशीरामला कधी एका शब्दाने विचारलं नाही. जनीने विचारलं नाही ते वेगळ्या कारणाने. तिने बोलणंच टाकलं. लग्नाकार्यात समोर आला तर ती पदर सारखा करून दुसरीकडे बघायची. एका मे महिन्यात त्याने कापा फणस पाठवला, तो तिने तसाच परत धाडला. त्यालाही आता किती वर्षं झाली. काशीरामची जीप गेली, दोन टेम्पो आले, तेही गेले, त्याचा विनीत मोठा होऊन जागेचे व्यवहार बघू लागला. आणि आता काशीराम पुन्हा एकदा पाखाडी बंद करायला निघाला होता, असं जनीच्या मनाने घेतलं होतं.

संस्कृतीचा फोन वाजला. वळणावर लावलेला कॅमेरा बंद पडला होता, तिला तिकडे बोलावत होते.

"आजी, जरा वेळ बघाल? सोप्पं आहे. खालून वर आला तर ह्या 'येणारे'मध्ये एक रेघ. वरून खाली गेला तर 'जाणारे'मध्ये. मी आलेच."

ती गेली. जनीने पॅड मांडीवर घेतलं, पेन्सिल हातात घेतली आणि खुर्चीत नीट बसली. कितीतरी वर्षांत तिला कुणी असं काम दिलं नव्हतं.

आधी बाबल्या वर आला, बादलीत तिसऱ्यांच्या शिंपल्या घेऊन. त्याची रेघ तिने 'येणारे'त मारली. त्याने रस्त्यापलीकडच्या दोन घरांत तिसऱ्या विकल्या आणि परत निघाला. "येतो काकू," म्हणाला आणि पायऱ्या उतरला. जनीची पेन्सिल 'जाणारे'वर गेली आणि तिथेच थांबली. त्या शब्दाखालची जागा पांढरी, स्वच्छ होती. वाडीत गेला म्हणजे एकाच अर्थाने गेला. हातीपायी धड माणूस, पोराबाळांचा बाप, आत्ता डोळ्यांदेखत येतो म्हणाला, त्याला ह्या घरात कसं बसवायचं? तिने इकडेतिकडे पाहिलं आणि रेघ 'येणारे'त मारली. मग खालच्या घरातली शमिका दूध घेऊन उतरली, "येते हं काकू," करून. मग मीटर बघायला आलेला माणूस. तो तर परका, पण तोही वळून "येतो मावशी" म्हणालाच. मग तिला आठवलं, रघूची रेघ मारायची राहिली. ती तिने जरा जास्त ठळक मारली.

सावली लांब झाली. खाडीवरून वारा आला. रतांब्याची पानं हलली आणि जनीची मान कलली. डोळे मिटले की नाही कोण जाणे, पाखाडी मात्र दिसत होती. पांगाऱ्याआडून माणसं वर येत होती. पलीकडच्या वाडीचे मास्तर वहाणा हातात धरून येत होते, धोतराचा सोगा ओला. त्यांच्यामागे डोक्यावर पाटीत गणपती घेतलेला माणूस, गणपतीच्या तोंडावर तांबडा रुमाल. आंब्याच्या पेट्या एकावर एक घेतलेले गडी, त्यांच्याबरोबर आलेला तो वास. एक नवी नवरी ट्रंकेवर टेकून दम खात होती आणि तिची करवली तिला पदराने वारा घालत होती. ती नवरी कोण, हे जनीला चांगलं ठाऊक होतं; तो शालू अजून तिच्या फडताळात होता. शिमग्याचे खेळे आले, पायांतले चाळ हातात घेऊन, कारण तरीत चाळ वाजले तर रघू रागवायचा. सगळे पायऱ्या चढत होते आणि कुणालाच घाई नव्हती.

संस्कृती परत आली तेव्हा पेन्सिल जनीच्या बोटांतच होती. कागदावर पुष्कळ रेघा होत्या. त्यांतल्या काही कुणाच्या, हे जनीलाही सांगता आलं नसतं. मुलीने घाईने कागद उलटला आणि नवा लावला.

दिवेलागणीला तुळशीपाशी पणती लावून जनी उभी राहिली, तसा पांगाऱ्याआडून रघू आला. एकटा, सावकाश, पाय अचूक टाकत.

रविवारी देवळाच्या सभामंडपात खुर्च्या मांडल्या होत्या. रघू जेवून निजला होता. सुनावणी लवकर आटपेल, तो उठायच्या आत आपण परत, अशा अंदाजाने जनी काठी टेकत आली आणि खांबाला टेकून बसली. समोर नगररचनेच्या बाई, शेजारी मार्टचे सल्लागार साहेब लॅपटॉप घेऊन, आणि भिंतीवर पांढऱ्या चादरीवर नकाशा. वाडीतली बरीच माणसं होती. शमिकाला काउंटरवर घेणार असं कळल्यापासून तिच्या घरचे गप्प होते. काशीराम पार मागे, विनीतच्या शेजारी. जनीने एकदा तिकडे पाहिलं आणि मान वळवली.

बोलणं लांबत गेलं. वळण, रुंदी, ट्रक, गर्दीची वेळ. जनीला त्यातलं थोडं कळलं, थोडं वरून गेलं. मग पाखाडीचा कागद निघाला.

"मॅडम, इथे जरा गंमत आहे," सल्लागार म्हणाले. "दुपारनंतरचा हा भाग बघा. एवढी सगळी माणसं पाखाडीवरून वर आली आणि खाली एकही गेलं नाही. मग ही माणसं राहिली कुठे?"

सभामंडप हसला. कडेला उभी असलेली संस्कृती कानापर्यंत लाल झाली. "सर, तेवढा वेळ मी वळणावर होते..."

"त्या रेघा माझ्या," जनी खांबाला धरून उठली. "तिला काही बोलू नका."

बाईंनी तिला बसून बोला म्हणून खूण केली. ती उभीच राहिली.

"आजी, जाणाऱ्यांच्या रेघा का नाही मारल्यात?"

"जाणारं कुणी नव्हतंच."

"पण माणसं खाली उतरली असतील ना?"

"उतरली की. पण जो तो येतो म्हणून उतरला. बाबल्या येतो म्हणाला. शमिका येते म्हणाली. आमचे हे येतो म्हणाले. येतो म्हणणाऱ्या माणसाला मी गेलेल्यांत कसं घालू, बाई?"

पुन्हा हसू झालं, पण ह्या वेळी ते मध्येच विरलं. पुढे बसलेल्या दोन म्हाताऱ्या हसल्या नव्हत्या. बाईंनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला.

"तुमचं म्हणणं मला कळलं," त्या म्हणाल्या. "पण हा कागद मला धरता येणार नाही."

"आणि मॅडम, एक भाग असा असेल तर पाखाडीची सबंध मोजणीच..." सल्लागार अदबीने म्हणाले.

"हो. ती बाजूला ठेवावी लागेल."

जनीला पहिल्यांदा नीट उमगलं की काय झालं. तिने मारलेल्या रेघांनी बाकीच्याही रेघा पुसल्या गेल्या होत्या. काठीवरची तिची मूठ आवळली. संस्कृती तिच्याकडे बघत नव्हती.

"मोजणी नाही, तर तोंडी सांगणारं कुणी आहे का?" बाईंनी विचारलं. "पाखाडी रोज वापरणारं?"

 बाबल्या चुळबुळत उठला. "मी येतो. पण रोज नाय. गाडी दुरुस्तीला असली की." तो बसला आणि शेजाऱ्याने त्याला कोपर मारलं.

"आमचे हे रोज जातात," जनी म्हणाली. "पाऊस असो, काही असो."

"वय काय त्यांचं?"

"ऐंशी उलटली. त्यांना आठवत नाही काही. पण पाखाडी आठवते."

सल्लागारांचा आवाज मऊ झाला. "आजी, हेच तर आम्ही म्हणतोय. ऐंशीच्या वरचा, आजारी माणूस अशा पायऱ्यांवरून एकटा जातो, खाली पाणी. हे त्यांच्याच जिवाला धोक्याचं नाही का?"

"एकटे जातात आणि एकटे येतात. इतकी वर्षं. पायांना ठाऊक आहे त्यांच्या."

"एकटा नाय येत तो."

आवाज मागून आला. जनीने वळून पाहिलं. काशीराम उभा राहिला होता. केस सगळे पांढरे, मान जराशी हलत होती. तो बाईंकडे नाही, बाहेर पायरीवर आलेल्या उन्हाकडे बघत होता. आता हा तेवढंही काढून घेणार, असं जनीच्या मनात आलं.

"बाबा, बसा खाली," विनीत दबक्या आवाजात म्हणाला.

"मी असतो त्याच्याबरोबर," काशीराम म्हणाला. "रोज. माझ्या बागेतून खाली जायला वाट आहे, तिकडून मी उतरतो. वर येताना त्याच्याबरोबर पाखाडीने येतो, पांगाऱ्यापर्यंत. तिथून त्याला वहिनींचा दिवा दिसतो. मग तो जातो आपला आणि मी मागे फिरतो."

"तुम्ही जागेचे मालक ना?" बाईंनी विचारलं. "अर्जदारांना जागा तुम्हीच देताय?"

"होय."

"मग हे आधी का नाही सांगितलंत?"

"कुणी विचारलं नव्हतं. आणि विनीतने सह्या घेतल्या तेव्हा मला वाटलं होतं, पायऱ्या गेल्या तरी उतार राहील, त्याला धरून आणू. परवा हा नकाशा बघितला. ट्रक तिथूनच वळणार." त्याने पुन्हा बाहेर पाहिलं. "बाई, मला जायला पायजे. ऊन बघा कुठे आलं. तो उठला असेल."

"काका, एक मिनिट. रोज कशासाठी बसता तुम्ही तिथे?"

काशीरामने डोक्यावरून हात फिरवला. एवढ्या लोकांत बोलायची त्याला सवय नव्हती. वडापला ओरडायचा तो आवाज कधीच गेला होता.

"दोन पावसाळ्यांमागे मी सहज खाली गेलो, तर तो मांडीभर पाण्यात उभा. होडी शोधत होता. मी हाक मारली, ऐकेना. मग म्हटलं, 'ओ तांडेल, पलीकडे जायचंय.' तसा वळला. म्हणाला, 'बसा, भरती लागली की सोडतो.' आणि पाण्यातून बाहेर येऊन बसला." तो रांगेतून एक पाऊल बाहेर सरकला. "उतारू बसलेला असला की तो पाण्यात जात नाय. म्हणून मी बसतो. मग अंधार पडायला आला की म्हणतो, आज वारा आहे, उद्या जाऊ. तो म्हणतो बरं. मग येतो आम्ही वर."



"बाबा, आपलीच जागा आहे ती," विनीत म्हणाला. आता त्याचा आवाज दबका नव्हता.

"जागा आपली," काशीराम म्हणाला. "पाखाडी नाय." आणि तो खुर्च्यांच्या रांगेतून वाट काढत बाहेर पडला.

जनीने काय केलं ते तिला नंतर आठवलं नाही. कुणाच्या वहाणा पायांत गेल्या, काठी कुणी हातात दिली. ती देवळाच्या पायऱ्या उतरून रस्त्याला लागली तेव्हा मागून बाईंचा आवाज ऐकू आला. त्या कुणाला तरी सांगत होत्या, लिहा, वाट वापरात आहे, मालाच्या गाड्यांचा मार्ग दुसरीकडून दाखवून नकाशा पुन्हा सादर करावा. जनी थांबली नाही.

काशीराम पुढे होता. तो बागेकडे वळणार, तोच तिने हाक मारली. "भावजी, पाखाडीने चला. ती जवळ पडते."

तो थबकला. तिच्याकडे न बघताच पाखाडीकडे वळला.

बेडं उघडं होतं. घरात कुणी नव्हतं. अंथरुणावर पंचा नव्हता. जनी पायऱ्यांच्या तोंडाशी आली. गुडघ्यांमुळे तिने कित्येक वर्षांत ही वाट धरली नव्हती. काशीराम दोन पायऱ्या उतरला, मग वळून उलटा उभा राहिला आणि हात पुढे केला. तिने तो धरला नाही, काठी धरली. पुढच्या पायरीला धरला.

"ही हलते," तो म्हणाला.

"ठाऊक आहे."

दोघं पांगाऱ्यापर्यंत आली. तिचा श्वास लागला होता. त्याचाही.

"मला सांगायचंत तरी," ती म्हणाली. "दोन वर्षं मी आपली सगळ्यांना सांगत फिरतेय, पाय त्यांचे, पाय त्यांचे."

"सांगणार कुणाला? तुम्ही बोलत कुठे होतात."

जनीला हसू आलं. पांगाऱ्याला वळसा घातला तशी खाडी दिसली. पाणी चढत होतं, पण अजून आवाज नव्हता. तिला वाटलं होतं धक्का मोडला असेल, झाडी वाढली असेल. तसं काही नव्हतं. पाणी होतं तिथेच होतं, पलीकडची माडांची रांग होती, त्यावर उन्हाचा पिवळा हात फिरत होता. क्षणभर तिला आपलं वयच आठवेना. ट्रंक वरच राहिली, असं काहीतरी मनात येऊन गेलं.

रघू शेवटच्या पायरीवर उभा होता. पाणी त्याच्या पावलांवरून गेलं होतं, घोट्याच्या वर चढलं होतं. एक पाय उचललेला. तो पलीकडे बघत होता, कुणी कुकारा घातल्यासारखा.

काशीरामने जनीचा हात सोडला. मोठ्याने नाही, नेहमीसारखंच म्हणाला, "ओ तांडेल, पलीकडे जायचंय."

रघूने उचललेला पाय खाली ठेवला आणि वळला. दोघांकडे पाहिलं. आधी काशीरामकडे, मग जनीकडे. जनीकडे जरा जास्त वेळ, पण ओळखीचं काही त्या नजरेत उतरलं नाही. उतारूकडे बघावं, ओझं किती, बसायला जागा कुठे द्यावी, एवढंच त्यात होतं. तो पाण्यातून बाहेर आला, धक्क्यावरचा पालापाचोळा पंच्याने झटकला आणि बसायला जागा दाखवली.

"भरती लागली की सोडतो," म्हणाला. मग विचारलं, "दोघं एकत्र, का वेगवेगळी?"

 काशीराम वहाणा काढून, हातात धरून तसाच उभा राहिला.

"एकत्र," जनी म्हणाली, आणि बसता बसता थोडी सरकली, त्याला जागा व्हावी म्हणून.